वाळूतल्या संत्र्यांचं पाणी: संत्रा-मोसंबी बागायतदारांसाठी उन्हाळी सल्ला

मार्च लागला की वाशीच्या फळबाजारात इजिप्तच्या व्हॅलेन्सिया संत्र्यांच्या पेट्या दिसतात. तेव्हा आपला मृग बहराचा (पावसाळ्याच्या तोंडावर फुललेला) माल विक्रीला असतो आणि आंबिया बहराची (हिवाळा सरताना फुललेली) फळं हरभऱ्याएवढी झालेली असतात. नाव संत्रं असलं तरी ते फळ मोसंबीच्या कुळातलं, साल घट्ट चिकटलेली. कैरोत वर्षभरात जेमतेम 25 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा जुलैच्या एका दुपारी पडून जातो. तरीही तो देश वर्षाला 30 लाख टनांहून जास्त संत्री पिकवतो, आणि निर्यातीत वजनाच्या हिशेबाने त्याने स्पेनलाही मागे टाकलं आहे.

तिथल्या जुन्या बागा नाईलच्या गाळाच्या जमिनीत, पाटपाण्यावर आणि आंबट संत्र्याच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या झाडावर, आहेत. नवी लागवड मात्र कैरो-अलेक्झांड्रिया वाळवंटी रस्त्यालगत आणि नुबारिया भागात, निव्वळ वाळूत, ठिबकवर झाली. तिथे बऱ्याच ठिकाणी व्होल्कामर लिंबाचा खुंट वापरतात. झाड जोमाने वाढतं आणि लवकर फळावर येतं, पण रसाची गोडी थोडी कमी भरते. नोव्हेंबर 2016 मध्ये तिथल्या चलनाचा दर बाजारावर सोडला गेला, माल परदेशात स्वस्त पडू लागला आणि निर्यातीला जोर आला.

वसंतात तिथे वाळवंटाकडून ‘खमसीन’ नावाचा गरम, धुळीचा वारा सुटतो. नेमकी तेव्हाच फळधारणा चालू असते, आणि एका झोतात बारीक फळांचा सडा पडतो. म्हणून बागेच्या कडेने सुरूच्या झाडांची उंच रांग असते आणि वारा येण्याआधीच मुळांशी ओल तयार ठेवतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उष्ण लाटेत हाच नियम लागू आहे. हवामान खात्याचा इशारा आला की पाणी आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे द्या. पानं कोमेजल्यावर भर दुपारी पाणी सोडून गळ थांबत नाही. आंबियाची गळ जास्त असेल तर 100 लिटर पाण्यात जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संजीवक 1.5 ग्रॅम (आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून) आणि युरिया 1 किलो मिसळून संध्याकाळी फवारा.

मात्र इजिप्तच्या वाळूतल्या बागांचं रोजचं थोडं थोडं पाणी जसंच्या तसं उचलू नका. वाळूत पाणी टिकत नाही म्हणून ते तसं देतात. आपल्या काळ्या भारी जमिनीत रोज ठिबक चालवलं तर मुळं गुदमरतात आणि डिंक्याला (बुंध्यातून डिंक पाझरणाऱ्या रोगाला) आमंत्रण मिळतं. ड्रीपरपासून हातभर अंतरावर वीतभर उकरून मूठभर माती दाबा. लाडू वळला तर आज पाणी नको, भुगा झाला तर द्या. बुंध्याशी ओल कधीच नको. झाडाचा घेर वाढला तशी नळी बाहेर सरकवा.

खरी शिकण्यासारखी गोष्ट क्षारांची आहे, आणि आपल्याकडे तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. उन्हाळ्यात ठिबकच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरी किनार दिसते. बोटावर घेऊन जिभेला लावा, खारट-कडवट लागेल. संत्रावर्गीय झाड क्षारांच्या बाबतीत फार नाजूक आहे. माती परीक्षणात संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता 1.7 डेसिसायमन प्रति मीटर (क्षार मोजायचं एकक) याच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं. पाण्यासाठी हीच मर्यादा सुमारे 1.1 आहे. पानांची टोकं करपत असतील तर खत वाढवण्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. क्षार जास्त निघाले आणि निचरा चांगला असेल, तर अधूनमधून गरजेपेक्षा 10 ते 20 टक्के जास्त पाणी देऊन ते मुळांखाली ढकला. पोटॅशसाठी म्युरेटऐवजी सल्फेट वापरा; म्युरेटमध्ये क्लोराइड असतं, ते या झाडाला सोसत नाही.

अवकाळीची हलकी सर आली की आपण ठिबक बंद करतो. खाऱ्या पाण्याच्या बागेत ते चुकतं. कडेचे क्षार त्या सरीने विरघळून थेट मुळांकडे सरकतात. त्यामुळे हलकी सर चालू असताना ठिबक चालू ठेवा. मोठा पाऊस झाला तर मग बंद करा.

नाईल डेल्टाच्या (नदीच्या मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशाच्या) पश्चिमेला बोअरच्या अति उपशाने पाणी खोल गेलं आणि खारटही झालं. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडच्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. पाणी कमी असेल तर सगळ्या झाडांना अर्धवट पाजण्यापेक्षा, ज्या भागात पाणी पुरणार नाही तिथली फळं विरळ करा आणि झाड वाचवा. आळ्यात चार बोटं जाड वाळलेलं गवत किंवा सोयाबीनचं कुटार पसरा, खोडाला चिकटू देऊ नका.

गळलेली फळं बागेत ठेवू नका. इजिप्तमध्ये त्रास देणारी पीच फळमाशी मूळची आपल्याच बाजूची. फळं वेचून खोल पुरा आणि फळं पक्वतेकडे झुकण्याआधीच एकरी 8 ते 10 मिथाईल युजेनॉलचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे लावा.

या आठवड्यात एवढं तरी कराच: प्रत्येक नळीचं टोक उघडा, गढूळ पाणी जाऊन स्वच्छ धार येईपर्यंत वाहू द्या, मग बंद करा. बंद पडलेल्या ड्रीपरजवळच्या झाडाला खूण बांधून ठेवा.