रिमोट डेस्कटॉप अडकतोय? आकडे वाढवण्याआधी या चुका टाळा

दूरच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन अडकायला लागला की लोक सेटिंग उघडतात आणि बिटरेट, रेझोल्यूशन, फ्रेम रेट, दिसेल ते वाढवत सुटतात. मग अजूनच अडकतं. हे इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो.

सगळ्यात जास्त घोळ बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा पाठवायचा त्या आकड्याचा. चित्र तुमच्याकडे येत असलं तरी निघतं तिकडून. त्यामुळे बघायचा तो तिकडचा अपलोड, तुमचा डाउनलोड कितीही असो. ओळखीतला एक जण घरून ऑफिसच्या मशीनवर कॅडची ड्रॉइंग करायचा. माउस हलवला की रेघ मागून यायची. त्याने आधी बिटरेट ४० एमबीपीएसवर नेला, मग लॅपटॉप बदलला. फरक शून्य. ऑफिसचा अपलोड होता २०. मी ऑफिसच्या राउटरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून ठेवायला सांगितलं: सेशन बंद असताना २० मिलिसेकंदांच्या आसपास, चालू केलं की कित्येक शे. लाइनला झेपत नाहीत ती पॅकेट राउटरमध्ये रांगेत थांबतात, आणि तुमच्या क्लिकचं उत्तरही त्याच रांगेतून येतं. बिटरेट १० वर आणला, रेघ माउसबरोबर चालायला लागली. नव्या लॅपटॉपचे पैसे मात्र गेलेच.

माझी पद्धत साधी आहे. होस्टच्या, म्हणजे दूरच्या मशीनच्या, बाजूचा अपलोड कामाच्या वेळेत मोजायचा (रात्रीचा आकडा फसवा असतो), त्याच्या निम्मा बिटरेट ठेवायचा आणि दोन्हीकडे शक्यतो केबल लावायची. एका वेळी एकच सेटिंग बदलायची. पाच गोष्टी एकदम बदलणाऱ्याला काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

दुसरी तक्रार अक्षरं धुरकट दिसण्याची. इथेही नुसता बिटरेट वाढवून बहुधा भागत नाही. आधी दोन्हीकडचं रेझोल्यूशन जुळतंय का ते बघा. १९२० बाय १०८०चा स्क्रीन १३६६ बाय ७६८मध्ये कोंबला तर अक्षरं फुटणारच. ते जुळत असेल तर दोष बहुधा ४:२:० या रंग पाठवण्याच्या पद्धतीचा. यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, रंगाची मात्र चार पिक्सेलमध्ये मिळून एकच. सिनेमात ते जाणवत नाही, पण निळ्यावर लाल अक्षरं असली की कडा विरघळतात. मजकूर वाचायचा असेल तर ४:४:४ लावा, त्यात रंगही प्रत्येक पिक्सेलचा जातो. विंडोजच्या आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) १०मध्ये त्यासाठी एव्हीसी ४४४ मोड आहे. तो लावल्यावर प्रोसेसरवर किती भार येतो तेवढं पाहा.

एक्सेल आणि ईमेलसाठी ६० फ्रेम कशाला? ३० पुरतात.

एचईव्हीसी किंवा एव्ही१ हे व्हिडिओ दाबून पाठवायचे नवे प्रकार निवडण्याआधी तुमच्या मशीनला ते हार्डवेअरमधून डिकोड करता येतं का ते तपासा. नसेल तर मुकाट्याने जुना एच.२६४ वापरा.

फायरवॉलमध्ये आरडीपीचा ३३८९ हा पोर्ट लोक फक्त टीसीपीला मोकळा ठेवतात आणि यूडीपी विसरतात. मग टीसीपीत एक पॅकेट हरवलं की मागचं सगळं खोळंबतं. दोन्ही मोकळे ठेवा, पण व्हीपीएनच्या आत. हा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. २०१९चं ब्लूकीप प्रकरण (आरडीपीतली गंभीर सुरक्षा त्रुटी) त्याच वाटेचं होतं.

आणि होस्टला मॉनिटरच जोडलेला नसेल तर बऱ्याच प्रोग्राममध्ये काळा किंवा अगदी लहान रेझोल्यूशनचा स्क्रीन येतो. तिथे मॉनिटर जोडलाय असं भासवणारा एचडीएमआयचा डमी प्लग लावा.