शुद्धिपत्रक उशिरा आलं? निविदेवर हरकत अशी घ्या

साकवाचं (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं) काम असो की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं, कोकणातल्या छोट्या ठेकेदाराची तक्रार ठरलेली: "आम्हाला कळलंच नाही." नुसत्या या वाक्यावर कुणी दाद देत नाही. काय कळवायला हवं होतं आणि प्रत्यक्षात कधी कळवलं, हे कागदावर दाखवावं लागतं.

आधी तारखा गोळा करा. महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर) निविदा सूचना कधी चढली, कागदपत्रं कधीपासून उतरवता येत होती, शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतल्या बदलाची सूचना, कधी आलं. प्रत्येक पानाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत जाहीर वस्तूखरेदीला साधारणपणे किमान ३ आठवडे आहेत, तेही सूचना आणि कागदपत्रं यांपैकी जे उशिरा मिळेल तिथपासून. जिल्हा परिषदेच्या कामाला मात्र राज्याचे शासन निर्णय लागू होतात. तिथे केंद्राचा नियम लिहून नेलात, तर अर्ज तिथेच लटकला म्हणून समजा.

मग मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या. "अमुक अट बदलली, हाती चार दिवस उरले, मुदत वाढवावी" इतकंच. आरोप नकोत. ईमेल करा, शिवाय आवक क्रमांकाची पोच घ्या. साहेब चहा पाजून "बघतो" म्हणाले, तर ते उत्तर नव्हे! जमत असेल तर हरकत कायम ठेवून निविदाही भरा.

घाई का, ते १९७९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून कळतं. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेत अनुभवाची अट होती. त्या अटीत न बसणाऱ्यालाच काम मिळालं. अट सैल होणार हे ठाऊक असतं तर इतरांनीही निविदा भरली असती, म्हणून हे चूक, असं न्यायालयाने म्हटलं. तरी कंत्राट रद्द केलं नाही. अर्जदार पाच महिन्यांहून उशिरा आला होता आणि तोवर समोरच्याचा खर्च झाला होता.

माहिती अधिकारात १० रुपयांत निविदेच्या फाइलवरची टिपणी मागता येते, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तिच्यासाठी थांबू नका. कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघण्याआधी वकील गाठा. उच्च न्यायालयासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडकरांना मुंबईच.