परदेशी निर्बंध आणि आपली निर्यात: ‘भारत तटस्थ आहे ना’ म्हणताना होणाऱ्या या चुका टाळा

रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या निर्यातदारांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: “आपला देश हे निर्बंध मानतच नाही, मग आपल्याला काय?” हे अर्धंच खरं आहे. भारत सुरक्षा परिषदेचे निर्बंध पाळतो. अमेरिकेने किंवा युरोपीय संघाने परस्पर लावलेले मानत नाही. पण न्हावा शेवात कस्टम्सने माल सोडला म्हणजे पैसे आले, असं नव्हे. डॉलरमधलं पेमेंट बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरतं आणि तिथे अमेरिकेचा कायदा चालतो. ग्राहकाचं नाव अमेरिकेच्या निर्बंध-यादीत निघालं तर रक्कम गोठू शकते, मग परवान्याशिवाय सुटत नाही.

“मग स्विस ट्रेडरच्या नावावर बिल फाडू, तो तटस्थ देश” हा हिशेबही फसतो. १९०७च्या हेग करारांतली तटस्थता लढाईपुरती आहे, व्यापारापुरती नाही. स्वित्झर्लंडने २८ फेब्रुवारी २०२२ला रशियावरचे युरोपीय निर्बंध स्वीकारले. ऑस्ट्रियाही तटस्थच, पण संघाचा सदस्य म्हणून बांधील.

सगळ्यात जास्त गफलत नाव तपासताना होते. ओफॅकच्या (निर्बंध-यादी सांभाळणारं अमेरिकी सरकारी कार्यालय) मोफत शोधपानावर जुळणीचा आकडा मुळात १००वर असतो. रशियन किंवा फारसी नावाचं स्पेलिंग एका अक्षराने बदललं तरी निकाल कोरा येतो. तो ८०-८५वर आणा आणि स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. मग मालकी बघा: यादीतल्या लोकांचा एकत्रित वाटा ५० टक्के किंवा जास्त असेल, तर कंपनीचं नाव यादीत नसलं तरी ती निर्बंधाखालीच. ३० आणि २० असे दोघे मिळूनही भरतात. जहाजाचं नाव नव्हे, सात अंकी आयएमओ नंबर तपासा. नाव आणि झेंडा बदलतो, नंबर नाही.

मालाचा एचएस कोडही (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) बघा. साधं बॉल बेअरिंग (८४८२.१०) पाश्चात्त्यांच्या रशियासाठीच्या संवेदनशील यादीत आहे. दुबईच्या ग्राहकाने अचानक मोठी ऑर्डर दिली, तर माल तिथून पुढे रशियाला जात असू शकतो, म्हणून शेवटचा वापरणारा कोण, ते लेखी घ्या. स्कोमेट यादी (लष्करी आणि दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारी) तर आपल्याच सरकारची, तिथे तटस्थतेचा प्रश्नच नाही.

रुपयात बिल करणं रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलै २०२२च्या परिपत्रकानुसार शक्य आहे. मात्र आपली बँक ते हाताळेल का, हे आधी शाखेत विचारा.

आणि हे सगळं प्रोफॉर्मा (ऑर्डरआधीचं कच्चं बिल) देण्याआधी. कंटेनर गेटच्या आत गेल्यावर शंका आली, तर बॅक टू टाऊनची (माल बंदरातून परत नेण्याची) परवानगी मिळेपर्यंत ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) आणि डिटेन्शनचं (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) मीटर तुमच्याच नावावर पडत राहतं.