गणिताचं प्रशिक्षण वाया जाऊ नये म्हणून या चुका टाळा

पाठ्यपुस्तकं सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीत तयार होतात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांची आखणी करणारी एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) कुमठेकर रस्त्यावर. पुण्यातल्या आम्हा प्राथमिक शिक्षकांना दोन्ही हाकेच्या अंतरावर. तरीही तिसरीच्या वर्गात ५२ वजा २७ चं उत्तर ३५ येतच राहतं. मी गणित शिकवते आणि प्रशिक्षणात सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांचं प्रशिक्षण घेणारी, म्हणूनही उभी राहते. दोन्हीकडून दिसलेल्या चुका सांगते.

रिकाम्या हातांनी प्रशिक्षणाला जाणं

हजेरीपटावर सही, चहा, पीपीटी, गटकार्य, चार्टपेपरवर सादरीकरण. दिवस संपतो आणि मुलानं स्वतः लिहिलेलं एकही उत्तर त्या खोलीत आलेलं नसतं. जाताना पाच वह्या पिशवीत टाका, अडलेल्या मुलांच्या. सुलभकांना विचारायचा प्रश्न त्या वहीत असतो.

‘हातचा विसरला’ म्हणून फुली मारणं

मीही कितीतरी वर्षं हेच केलं. मग एका मुलीला शेजारी बसवून विचारलं, “३५ कसे आले, सांग बरं.” ती म्हणाली, “सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.” ती काहीच विसरली नव्हती. लहान अंकातून मोठा जात नाही, हे मीच पहिलीपासून घोकून घेतलेलं. तिनं तो नियम प्रामाणिकपणे पाळला आणि एककाच्या घरात अंकांची जागा बदलली.

तिला दहाच्या पाच खोट्या नोटा आणि दोन सुटे रुपये दिले. “२७ दे मला.” दोन नोटा दिल्या, सुटे मोजले, थांबली. “बाई, नोट मोडावी लागेल.” मोडली, सात रुपये दिले, उरलेले मोजले: २५. मग स्वतःच वहीकडे पाहिलं. दशक सुटा करणं म्हणजे नोट मोडणं, हे तिला किराणा दुकानात आधीच कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पुन्हा ३५ लिहिलं. नोटा आणि उभी मांडणी शेजारी शेजारी ठेवून, नोट मोडली की लगेच वहीत ५ खोडून ४ लिहायचे, असं आठवडाभर करावं लागलं. साहित्य एकदा दाखवून कपाटात ठेवलं की काम अर्धं राहतं.

मराठी संख्यानामांकडे दुर्लक्ष करणं

‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहितं, कारण कानावर पाच आधी पडतो. ‘एकोणतीस’मध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला! पण त्यामागची अडचण खरी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही वाचनं करून घ्या: ‘वीस आणि पाच, पंचवीस’. जुनी नावं जात नाहीत आणि दशक-एकक कानालाही ऐकू येतात.

तास मोजणं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणून ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ सुरू ठेवून निकालपत्रकं भरायची, ही सवय सोडा. प्रमाणपत्र येतं, वर्ग तिथेच राहतो.

सगळं एकदम बदलायला जाणं

परतल्यावर एकच गोष्ट एकाच वर्गात दोन आठवडे करा. शेजारच्या वर्गाच्या बाईंना मागे बसवा आणि आपण काय शिकवलं हे न विचारता ‘अमुक मुलानं काय केलं’ एवढंच टिपायला सांगा. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रकांवर वेळ जातोच. केंद्रप्रमुखांकडे त्यातला अर्धा तास वह्यांसाठी मागून घ्या. प्रत्येक शाळेनं ५२ वजा २७ ची पाच उत्तरं आणायची, ३५ एकीकडे, ७९ दुसरीकडे, अशी चवड लावायची आणि प्रत्येक चवडीतल्या मुलानं काय विचार केला असेल यावर बोलायचं.