गुडघ्याभोवतीचं को-कॉन्ट्रॅक्शन ईएमजीवर कसं मोजायचं

खुर्चीतून उठताना एक हात मांडीच्या पुढून आणि दुसरा मागून लावून बघा, दोन्ही बाजू एकदमच घट्ट होतात. पुढचे क्वाड्स गुडघा सरळ करणारे, मागचे हॅमस्ट्रिंग वाकवणारे, म्हणजे विरुद्ध पार्टीतले, पण सांधा डुगडुगू नये म्हणून दोघं मिळून ओढतात. हेच को-कॉन्ट्रॅक्शन. गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, असलेल्यांमध्ये चालताना हे बऱ्याचदा जास्त दिसतं.

मोजायला सरफेस ईएमजी लागतो, म्हणजे कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतला विजेचा सिग्नल टिपायचा. इलेक्ट्रोडची एक जोडी वास्टस लॅटरॅलिसवर (क्वाड्सचा बाहेरचा भाग), कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून वाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत रेघ धरायची आणि तिच्या दोन तृतीयांशावर लावायची, दुसरी बायसेप्स फेमोरिसवर (बाहेरच्या बाजूचा हॅमस्ट्रिंग), बसायच्या हाडापासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत बरोबर मध्ये. इलेक्ट्रोडमध्ये २० मिमी अंतर, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने. केस काढा, स्पिरिटने पुसा, हे काम लोक कंटाळून उरकतात आणि मग फिल्टरला शिव्या घालतात. सॅम्पलिंग निदान १००० हर्ट्झ, फिल्टर २० ते ४५० हर्ट्झ, मग रेक्टिफाय (उणे आकडे अधिक करायचे), मग ६ हर्ट्झचा लो-पास फिल्टर, झाला एन्व्हलप, म्हणजे सिग्नलची गुळगुळीत रेघ.

आता खरी मेख. मायक्रोव्होल्टमध्ये दोन स्नायूंची तुलना करायचीच नाही, कातडीखालची चरबी, इलेक्ट्रोडची जागा, कशानेही आकडा हलतो. आधी प्रत्येक स्नायूचा एमव्हीसी (स्वतःहून लावलेला जास्तीत जास्त जोर) घ्या, म्हणजे पाय पट्ट्याने अडकवून ५ सेकंद जीव खाऊन जोर लावायला सांगायचं, तीनदा, मध्ये विश्रांती देऊन, आणि तो सिग्नल पण त्याच फिल्टरमधून काढायचा. सगळ्यात मोठा तो १००%. गुडघा दुखणारा माणूस पूर्ण जोर लावतच नाही आणि मग त्याचे चालतानाचे टक्के उगाच फुगतात, हे डोक्यात असू द्या.

या टक्क्यांवरून को-कॉन्ट्रॅक्शनचा एक आकडा, म्हणजे इंडेक्स, काढायला फॉर्म्युले दोन चालतात. फाल्कनर आणि विंटर या संशोधकांचा १९८५ चा, दोन्ही ग्राफचा सामाईक भाग गुणिले २, भागिले दोघांची बेरीज. क्वाड्स ४०% आणि हॅमस्ट्रिंग २०% असतील तर ४० भागिले ६०, म्हणजे ६७%. पण क्वाड्स ४% आणि हॅमस्ट्रिंग २% असले तरी उत्तर ६७%च! स्नायू जेमतेम जागे आहेत आणि इंडेक्स तोच. दुसरा, संशोधक रुडॉल्फवाला फॉर्म्युला लहान भागिले मोठा, गुणिले बेरीज असा आहे, त्यात ४०-२० च्या जोडीला ३० येतात आणि ४-२ च्या जोडीला ३, म्हणून जोर किती लागला ते कळायला मला तो बरा वाटतो. कुठला वापरला ते लिहाच, एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघता येत नाही. आणि शेजारी दोन्ही स्नायूंचे वेगळे ग्राफ ठेवा, कारण इंडेक्स वाढला तर नेमका कोण वाढला ते त्या एका आकड्यातून दिसत नाही.