घरच्या जिमसाठी बेंच घेताय? या चुका टाळा, आणि आधी तो आडवा करून बघा

माझा पहिला अ‍ॅडजस्टेबल बेंच साडेपाच हजारांचा होता. ऑनलाइन मागवला, कारण फोटोत तो फारच रुबाबदार दिसत होता. पाठ तिरकी, सीट किंचित उचललेली, कडेने लाल शिवण. जोडून झाल्यावर पाठ सपाट केली, आडवा झालो, आणि कमरेखाली जमीनच नाही असं वाटलं. टेप लावून बघितली. सीट आणि पाठीचं पॅड यांच्यात ९ सेंटिमीटरची फट होती आणि माझं माकडहाड नेमकं तिथेच येत होतं. पुढचे सहा महिने त्या फटीत टॉवेलची घडी कोंबून व्यायाम केला.

बेंच घेताना आपण तो किती प्रकारे वाकतो ते मोजतो. ७ पोझिशन, ९ पोझिशन, वर डिक्लाइनही, म्हणजे डोकं खाली जाईल असा उतार. घरी आल्यावर मात्र तो बहुतेक वेळ दोनच ठिकाणी असतो: सपाट, नाहीतर ३० अंशांच्या आसपास. विकणाऱ्यांच्या फोटोत बेंच जवळजवळ नेहमी तिरका उभा असतो, कारण सपाट केल्यावर फट दिसते. म्हणून पहिलं काम हे की दुकानात असाल तर तो आडवा करून घ्या आणि त्यावर झोपा, ऑनलाइन असाल तर सपाट अवस्थेतला फोटो मागा. तो मिळत नसेल तर पुढे जा.

फट मुळात असते ती सीट उचलल्यावर पाठीच्या पॅडला अडू नये म्हणून. ती ३ ते ५ सेंटिमीटर असेल तर चालून जाते. काही चांगल्या बेंचची सीट किंवा पाठ रुळावर पुढेमागे सरकते, त्यात फट जवळजवळ बंदच होते. फट कुठे टोचेल हे तुमच्या उंचीवर ठरतं, त्यामुळे मित्राला सोयीचा पडलेला बेंच तुम्हाला पडेलच असं नाही. नितंब सीटवर आणि डोक्यापर्यंतची पाठ पॅडवर, असं झोपता आलं पाहिजे.

बेंच घेऊन झाला असेल आणि फट त्रास देत असेल तर सीटच्या खालून वाकून बघा. बऱ्याच बेंचला सीटखालच्या पट्टीत लांबट भोकं असतात. बोल्ट सैल करून सीट दीड-दोन सेंटिमीटर मागे सरकते. तेवढ्याने भागलं नाही तर रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडे जा. कडक फोमचा तुकडा कापून रेक्झिनमध्ये शिवून द्यायला त्याला अर्धा तास लागतो. माझ्या टॉवेलपेक्षा ते कधीही बरं.

३०० किलोचा आकडा

'क्षमता ३०० किलो' हे वाचून आपण खूश होतो. त्यात तुमचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, हे आधी लक्षात घ्या. ८० किलोचा माणूस आणि २०-२० किलोची दोन डंबेल्स म्हणजे १२० किलो. मग ३०० भरपूरच झाले की! झाले असते, तो आकडा बेंचच्या कुठल्या अवस्थेतला आहे हे लिहिलेलं असतं तर. सपाट बेंचवर अलगद ठेवलेलं वजन वेगळं. मांडीवरची डंबेल्स घेऊन तिरक्या पाठीवर धपकन मागे टेकणं वेगळं, कारण तेव्हा सगळा भार एका टेकूवर आणि एका खिट्टीवर येतो.

व्यायामाच्या उपकरणांसाठी आयएसओ २०९५७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचा चौथा भाग बेंचसाठीच आहे. त्यात घरगुती वापराच्या वर्गाला 'एच' म्हणतात, जिममधल्या वापराच्या वर्गाला 'एस'. विक्रेत्याला एकदा विचारून बघायला काही जात नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर म्हणून पुन्हा तोच ३०० लिहिलेला फोटो आला.

त्या आकड्यापेक्षा मी दोन गोष्टींवर जास्त विश्वास ठेवतो. एक, बेंचचं स्वतःचं वजन. १०-१२ किलोचा बेंच उचलायला सोपा असतो, पण हलायलाही तितकाच सोपा. २० किलोच्या पुढचा बेंच बघा. दुसरं, पाइपाची जाडी. चौकोनी पाइपाच्या टोकाला प्लॅस्टिकचं बूच असतं, ते काढा आणि आत बघा. पत्र्याची कड डोळ्यांना दिसते. २ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक. विकणारा गेजमध्ये बोलला तर ध्यानात ठेवा, की गेज उलटं चालतं: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६ आणि १४ म्हणजे २ च्या आसपास. '१८ गेज हेवी पाइप' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर हसू आवरा.

पुढचे पाय, मागचे पाय

दुकानात बेंचच्या बरोबर मधोमध बसून 'मजबूत आहे हो' म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. मधे बसल्यावर कुठलाही बेंच मजबूतच वाटतो. सीटच्या टोकाला बसा. मग सपाट करून डोक्याकडच्या टोकाला बसा. अनेक बेंचचं पाठीचं पॅड मागच्या पायांच्या पलीकडे एक-दीड वीत बाहेर आलेलं असतं, आणि तिकडून उठायला गेलात की बेंच शेपूट उचलतो. मग एक गुडघा आणि एक हात टेकवून रो मारतो, म्हणजे वाकून डंबेल वर ओढतो, तसे उभे राहा. कडेला झुकला का ते बघा.

पुढच्या बाजूला एकच खांब आणि खाली छोटी आडवी पट्टी असलेले बेंच मला आवडतात, कारण तळपाय मागे घ्यायला जागा मिळते. रुंद पायाचे बेंच कडेला कमी हलतात, पण टाचा पाइपाला आपटतात. दोन्ही गोष्टी एकदम देणारा बेंच महाग असतो.

उंचीकडे कोणी बघत नाही, आणि घरात दोघंतिघं वापरणार असतील तर भांडण तिथेच होतं. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत स्पर्धेचा बेंच जमिनीपासून ४२ ते ४५ सेंटिमीटर उंच आणि २९ ते ३२ सेंटिमीटर रुंद असावा लागतो. स्पर्धेत उतरायचं नसलं तरी मापं कामाची आहेत. बाजारात ४८-५० सेंटिमीटरचे अ‍ॅडजस्टेबल बेंच सर्रास मिळतात, कारण सांधे आणि टेकू पॅडखाली बसवायला उंची लागते. माझी बायको पाच फूट एक इंच. आमच्या बेंचवर झोपली की तिच्या टाचा उचललेल्या राहायच्या आणि मग कंबर कमानीसारखी वर यायची. शेवटी माळ्यावरचे जेवायला बसायचे दोन पाट काढले, प्रत्येकाखाली रबराचा तुकडा चिकटवला आणि त्यावर पाय. तिचा प्रश्न सुटला. सासूबाई मात्र अजून पाटांकडे बघून सुस्कारा टाकतात.

रुंदी २५ सेंटिमीटरची असेल तर खांद्यांची पाती पॅडबाहेर लोंबतात आणि वजन ढकलताना खांदा स्थिर राहत नाही. पॅडमध्ये कोपर रोवून बघा. खालची फळी लागली तर फोम कच्चा आहे. पॅड उलटं करून फळी प्लायची आहे की भुशाची तेही बघा. भुशाची असेल तर दोन पावसाळ्यांत बोल्टभोवतीचा भाग फुगतो.

३० अंश आहेत कुठे?

हे तपासायला फोन पुरतो. फोनमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं. फोन पॅडवर ठेवा आणि एकेक खाच बदलत आकडे लिहून घ्या. माझ्या बेंचवर 'सपाट' म्हणजे ४ अंश निघाले. पुढची खाच १७, त्यानंतर थेट ४४. मधलं काहीच नाही. छातीच्या वरच्या भागासाठी ३० अंश पुरतात. ४५ च्या पुढे काम हळूहळू खांद्याकडे जातं. म्हणजे माझ्या सात पोझिशनच्या बेंचमध्ये मला हवी ती एकच नव्हती. कोन थोडा तरी वाढवायला तात्पुरता उपाय केला तो असा: १७ अंशांच्या खाचेत ठेवून डोक्याकडच्या पायाखाली जाड फळी. पण फळी पूर्ण रुंदीची हवी, आणि पुढचे पाय सरकणार नाहीत हे बघायला हवं. विटा ठेवू नका.

तिरक्या बेंचवर तुम्ही सेट संपेपर्यंत खाली घसरत येत असाल तर दोष घामाचा नाही, सीटचा आहे. पाठ उचलली की सीटही पुढून थोडी उचलली गेली पाहिजे. ज्या बेंचची सीट हलतच नाही तो 'अर्धाच अ‍ॅडजस्टेबल' समजा.

खिट्टीचा की खाचांचा, हा वाद फार लांबवण्यात अर्थ नाही. खिट्टीवाल्यात पिन पूर्ण आत गेली का ते दरवेळी पाठ हलवून बघायचं. शिडीसारख्या खाचांवाल्यात कोन झटपट बदलतो, पण बेंच पाठीच्या पॅडला धरून उचलला की टेकूचा दांडा खाचेतून सुटतो आणि पॅड बोटांवर पडतं. दोन्हींत नियम एकच: वर कोणी बसलेलं नसताना आणि डंबेल्स जमिनीवर असतानाच कोन बदलायचा. घरात लहान मुलं असतील तर बेंच नेहमी सपाट करून ठेवा.

आठ कामांचा एक बेंच

'८-इन-१', '२०-इन-१' असे बेंच भरपूर खपतात. पायांसाठी रोलर, बायसेप्ससाठी उतरती गादी, आणि मागे बार ठेवायला दोन उभे खांब. रोलर चार आठवडे वापरला जातो, मग त्यावर टॉवेल वाळतात. काळजी करायची ती उभ्या खांबांची. ते बहुतेकदा बेंचलाच जोडलेले, जवळजवळ आणि बारीक असतात. बार खाली अडकला तर अडवायला आडवे दांडे नसतात. घरी एकटे व्यायाम करत असाल तर अशा खांबांवर बार ठेवून छातीवर घेऊ नका. डंबेल्स वापरा, जमलं नाही तर ती दोन बाजूंना सोडता येतात. खालच्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवतील, पण बरगडी शाबूत राहील.

आपल्याकडे आणखी एक मोह असतो, ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बेंच बनवून घेण्याचा. साधा सपाट बेंच हवा असेल तर जरूर घ्या, कंपनीच्या बेंचपेक्षा तो दणकट होईल. अ‍ॅडजस्टेबल मात्र त्याने आधी बनवलेला असेल आणि तुम्ही तो बघितला असेल तरच. ग्रिलचं वेल्डिंग आणि माणसाच्या पाठीखालचा हलता सांधा ही दोन वेगळी कामं आहेत.

जागा मोजताना बेंचची लांबी-रुंदी मोजून थांबू नका. दोन्ही हात फैलावून डंबेल्स खाली नेता तेव्हा साधारण तुमच्या उंचीइतकी रुंदी लागते, वर हातभर मोकळं. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये डबल बेडशेजारी हे बसत नाही. आमचा बेंच म्हणूनच हॉलमध्ये आहे, सोफ्याला लाज वाटेल अशा ठिकाणी.

डुगडुगतो, कुरकुरतो

कंपनीला शिव्या घालण्याआधी बेंच खोलीत दुसरीकडे सरकवून बघा. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये एकही लादी दुसरीशी समपातळीत नाही. खिडकीजवळ डुगडुगणारा बेंच दारापाशी गप्प उभा राहतो. जागा बदलूनही हलत असेल तर जोडणी चुकली आहे. एकेक बोल्ट पूर्ण आवळत पुढे जाणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. सगळे बोल्ट पुन्हा सैल करा, बेंच सपाट जागी ठेवा, कोणाला तरी त्यावर बसवा, आणि मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळा. खोक्यात येणारा पत्र्याचा पाना फेकून द्या. बोल्टच्या डोक्याचं माप बघा, बहुतेक वेळा १७ किंवा १९ नंबरचा रिंग पाना लागतो. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा सगळे तपासा. फक्त बिजागरीचा बोल्ट करकचून आवळू नका, पाठ उचलताना अडेल.

खाली ८-१० मिलिमीटरचा कडक रबर मॅट घाला. योगा मॅट मऊ असते, तिच्यावर दणकट बेंचही झुलतो.

कुरकुर बहुतेकदा बिजागरीतून येते. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, जास्तीचं लगेच पुसायचं. जून ते सप्टेंबर खिडकीजवळचा बेंच आत ओढा. घामाचे थेंब पाइपावर वाळले आणि रंगावर चरा असला की गंज तिथूनच धरतो. चऱ्यावर थोडा ऑइलपेंट लावला तरी चालतो.

कुरकुर तेलाने गेली नाही, तर टॉर्च घेऊन खाली झोपा आणि वेल्डिंगचे सांधे बघा, विशेषतः टेकू जिथे मुख्य पाइपाला मिळतो तो. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्या कडेला तांबूस डाग दिसला तर तो चरा नाही, तडा आहे. वरून पुन्हा वेल्ड मारून घेण्याचा मोह होतो. मीही विचारलं होतं. वेल्डरने पाइपावर नखाने टिचकी मारली आणि म्हणाला, "साहेब, पत्राच पातळ आहे, बाजूला फाटेल." त्याच आठवड्यात तो बेंच भंगारात गेला.