जुन्या बंदुकीचं पेटंट कसं वाचायचं: बोअर बदलणाऱ्या आणि रूप बदलणाऱ्या हत्यारांचा माग

जुन्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरच्या सिलेंडरवर (गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर) बारीक अक्षरात "पेटंटेड एप्रिल ३, १८५५" असं कोरलेलं असतं, आणि बघणारा सरळ धरून चालतो की रिव्हॉल्व्हर १८५५ ची आहे. तसं नसतं. ती पेटंटची तारीख असते, बनवल्याची नाही, आणि या केसमध्ये तर पेटंट त्या कंपनीचं पण नव्हतं, ते रोलिन व्हाइट नावाच्या माणसाचं होतं आणि कंपनीची पहिली रिव्हॉल्व्हर बाहेर पडली १८५७ मध्ये. हे एक नीट कळलं ना की जुन्या हत्यारांचा अर्धा इतिहास आपोआप उलगडायला लागतो, म्हणून मी हे सविस्तर लिहितोय. विषय मुद्दाम एकच घेतलाय, एकाच बंदुकीतून दोन कामं काढायची, म्हणजे बोअर (नळीचं आतलं माप) बदलायचा, नळी बदलायची, ठासणीची असेल तर काडतुसाची करायची. पेटंटांमध्ये सगळ्यात जास्त डोकं लढवलेलं इथेच दिसतं.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवा, नाहीतर शोधताना गोंधळ होतो. एक म्हणजे कन्व्हर्जन, जुनी ठासणीची बंदूक कापून जोडून कायमची काडतुसाची करणं. दुसरं कन्व्हर्टिबल, म्हणजे भाग काढून घालून तेच हत्यार वेगळ्या रूपात वापरायचं आणि परत पहिल्यासारखं करता येतं. तिसरं मल्टी-कॅलिबर, एकाच फ्रेमवर वेगवेगळ्या मापाची काडतुसं चालतात. एकाच पेटंटात दोन-दोन गोष्टी असू शकतात पण तुम्ही कशाच्या मागे आहात ते ठरवूनच बसा.

आता नंबर आणि तारखा. अमेरिकेचे पेटंट नंबर जुलै १८३६ पासून १ ने सुरू होऊन सलग चालत आलेत. त्याआधीच्या पेटंटांना नंबरच नव्हते, आणि डिसेंबर १८३६ मध्ये वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसला आग लागली त्यात सुमारे १० हजार पेटंटांचे कागद जळाले. नंतर जेवढे परत मिळाले त्यांना एक्स अक्षर लावून नंबर दिले, म्हणून सॅम्युएल कोल्टचं २५ फेब्रुवारी १८३६ चं रिव्हॉल्व्हरचं पेटंट ९४३० एक्स म्हणून सापडतं, साधा ९४३० टाकलात तर भलतंच काहीतरी उघडेल.

ब्रिटिश नंबरांचं वेगळंच आहे. १८५२ च्या कायद्यानंतर दर वर्षी १ पासून मोजणी नव्याने सुरू व्हायची आणि हे १९१५ पर्यंत चाललं, १९१६ पासून १,००,००१ धरून सलग नंबर सुरू झाले. म्हणजे १८८५ चं ब्रिटिश पेटंट शोधताना नंबरासोबत वर्ष हवंच. नळीवर नुसता नंबर कोरलेला असेल आणि वर्ष नसेल तर तो नंबर जवळपास बिनकामाचा, तेव्हा प्रूफचे छाप (नळीची चाचणी झाल्याचे शिक्के) आणि कारखान्याचा पत्ता यावरून आधी काळ काढा, मग नंबराकडे वळा. आणि १८५२ च्याही आधीची जी ब्रिटिश पेटंटं आहेत त्यांना नंबर १८५० च्या दशकात ब्रिटिश पेटंट ऑफिसच्या बेनेट वुडक्रॉफ्टने मागाहून दिलेत.

त्यातलं ४१८ नंबरचं जरूर बघा. १५ मे १७१८, लंडनचा वकील जेम्स पकल. तिपाईवर ठेवलेली एकच नळी आणि मागे हाताने फिरवायचा सिलेंडर, आणि सिलेंडर बदलता येणारा, एक गोल गोळ्यांसाठी आणि एक चौकोनी गोळ्यांसाठी, गोल गोळ्या ख्रिश्चनांवर आणि चौकोनी तुर्कांवर असं पेटंटच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. वाचून अंगावर काटा येतो. पण यंत्र म्हणून बघितलं तर बदलता येणाऱ्या भागांची कल्पना त्या कागदावर ३०० वर्षांपूर्वीच आहे. १७२२ च्या प्रात्यक्षिकात भर पावसात ७ मिनिटांत ६३ बार काढले, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, तरी सैन्याने ती काही घेतली नाही.

शोधायचं कसं. गुगल पेटंट्सवर नंबर माहीत असेल तर इंग्रजीत यू-एस, मग मध्ये जागा न सोडता आकडा, आणि शेवटी ए अक्षर. नंबर माहीत नसेल तर शब्दावर फार भरवसा ठेवू नका, कारण जुन्या पेटंटांचं स्कॅन करून काढलेलं टेक्स्ट चुकांनी भरलेलं असतं, आणि "कन्व्हर्टिबल" टाकलं की छत उघडणाऱ्या गाड्या आणि सोफा-कम-बेडच येतात. त्यापेक्षा वर्गीकरणाचा कोड वापरा. शस्त्रांचा वर्ग एफ ४१, त्यात एफ ४१ ए ११/०२ म्हणजे गरजेप्रमाणे सुटे भाग जोडून वेगळं रूप देता येणारी हत्यारं, आणि एफ ४१ ए २१/१० म्हणजे नळीत घालायची नळी. या दोन कोडांना वर्षाची मर्यादा लावून बसलात तर एक अख्खा रविवार कसा गेला कळणार नाही. जुन्या मापांची एक सवय पण लावून घ्या, अमेरिकन आणि इंग्रज इंचाचे भाग लिहितात (.५७७ म्हणजे इंचाचे ५७७ हजारांश), युरोपातले मिलिमीटर लिहितात, आणि छऱ्याच्या बंदुकीत बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या किती सारख्या गोळ्या होतील त्यातल्या एका गोळीचं माप, म्हणून १२ बोअर हा २० बोअरपेक्षा मोठा.

पेटंट उघडलं की सगळेजण आधी चित्र बघतात, मी पण बघायचो. चित्र नंतर बघा. आधी शेवटच्या पानावर जा, तिथे क्लेम असतो, म्हणजे "यातलं नेमकं काय माझं" ते एक-दोन वाक्यांत. चित्रात अख्खी बंदूक असते पण हक्क त्यातल्या एका तुकड्यावरच मागितलेला असतो. (ब्रिटनमध्ये क्लेम लिहिणं १८८३ च्या कायद्यानंतर सक्तीचं झालं, त्याआधीच्या कागदात वर्णनातूनच शोधावं लागतं.) सराव म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टर ल माचं पेटंट घ्या, नंबर १५,९२५, २१ ऑक्टोबर १८५६. नऊ बारांचा सिलेंडर, आणि तो ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा म्हणजेच छऱ्याची साधारण २० बोअरची दुसरी नळी. घोड्याच्या टोकाला एक छोटा तुकडा, तो खाली पाडला की मधली नळी उडते. दोन मापं, एक चाप. सुंदर कल्पना आहे.

आता मुख्य मुद्दा. क्लेम वाचून झाला की स्वतःला एक प्रश्न विचारा, हे पेटंट कोणाच्या पेटंटला चुकवून चाललंय? हा प्रश्न मला फार उशिरा सुचला आणि तो सुचल्यावरच कोल्टच्या कन्व्हर्जन रिव्हॉल्व्हर मला समजल्या, तोपर्यंत त्या मला उगाच विचित्र वाटायच्या.

रोलिन व्हाइटचं पेटंट नंबर १२,६४८. त्यातली चित्रातली रिव्हॉल्व्हर चालण्यासारखी नव्हतीच. पण क्लेममध्ये एक ओळ होती, सिलेंडरची भोकं मागपर्यंत आरपार काढायची म्हणजे मागून भरता येईल. बस. काडतुसाची रिव्हॉल्व्हर करायची तर भोक आरपार हवंच, त्यामुळे या एका ओळीने सगळ्यांची वाट अडवली. १८५६ मध्ये स्मिथ अँड वेसनने करार केला, प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे व्हाइटला २५ सेंट, पण पेटंटचं रक्षण करायचं, कोर्टकचेऱ्या करायच्या, हे काम व्हाइटने स्वतःच्या खर्चाने करायचं. त्या खटल्यांतच त्याचा पैसा गेला. तेव्हा पेटंटची मुदत १४ वर्षं, म्हणजे १८६९ ला संपली. त्याने मुदतवाढ मागितली, काँग्रेसने विधेयक मंजूरही केलं, पण लष्कराच्या शस्त्र खात्याचे प्रमुख डायर यांनी विरोध केला, यादवी युद्धात या पेटंटामुळे सरकारची अडचण झाली असं त्यांचं म्हणणं, आणि जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नकाराधिकार वापरला.

आता ही मुदत डोक्यात ठेवून कोल्टची तीन पेटंटं एका ओळीत लावा. १५ सप्टेंबर १८६८, थ्यूअर, नंबर ८२,२५८. यात काडतूस सिलेंडरच्या पुढून आत दाबायचं, काडतूस मागे निमुळतं. कुणी म्हणेल पुढून कशाला, मागून सोपं नाही का? सोपंच आहे, पण व्हाइटचं पेटंट अजून जिवंत होतं! म्हणून आरपार भोक टाळून मागे एक वेगळं कडं बसवलं. आणि जुना ठासणीचा सिलेंडर परत घातला की तीच रिव्हॉल्व्हर पुन्हा टोपी (ठिणगी पाडणारी छोटी धातूची टोपी) लावून उडवायची होते, म्हणजे खऱ्या अर्थाने कन्व्हर्टिबल. मग २५ जुलै १८७१, रिचर्ड्स, ११७,४६१, आणि इथे काडतूस निवांत मागून भरायचं. पाठोपाठ २ जुलै १८७२ चं मेसनचं १२८,६४४, त्याने रिकामी काडतुसं ढकलून काढायची सोय सुधारली. १८६८ आणि १८७१ च्या मध्ये कोणाची अक्कल वाढली नव्हती, मधली भिंत पडली होती. हे तुम्हाला एकट्या पेटंटवरून कधीच दिसणार नाही.

सरकारी कारखान्यांची गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न पैशाचा. लाखो ठासणीच्या बंदुका कोठारात पडलेल्या, त्या फेकायच्या कशा. अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या एर्स्किन ॲलिनने १८६५ मध्ये नळीच्या मागे वर उघडणारं झाकण बसवलं (४९,९५९), आणि १८६६ च्या मॉडेलमध्ये .५८ ची नळी मोठी करून आत .५० ची नळी बसवून पितळाने जोडली. ब्रिटनने १८६६ मध्ये जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची पद्धत घेतली, एनफिल्ड रायफलची मागची बाजू कापून तिथे बाजूला उघडणारा ब्रीच (काडतूस भरायचं नळीचं मागचं तोंड) बसवायचा, बोअर तोच .५७७. ही तीच १८५३ पॅटर्नची एनफिल्ड जिच्या चरबीच्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ पेटलं. स्नायडर त्याच वर्षी, १८६६ मध्येच, हलाखीत गेला, पैशासाठी सरकारदरबारी खेटे घालत. मला ही गोष्ट प्रत्येक वेळी वाचताना वाईट वाटतं.

१८८० च्या दशकातली मॉरिस ट्यूब पण बघा, मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश सैन्याच्या रायफलच्या .४५० नळीत एक बारीक नळी सरकवायची आणि छोट्या काडतुसाने छोट्या रेंजवर सराव करायचा, खर्च एकदम कमी.

शिकारीच्या बाजूला एक नाव आपल्याशी जोडलेलं आहे, कर्नल जॉर्ज फॉसबेरी. बंगाल सैन्यातला अधिकारी, १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला. १८८५ मध्ये त्याने पेटंट घेतलं ते असं की छऱ्याच्या बंदुकीच्या नळीत फक्त तोंडाजवळच्या शेवटच्या काही इंचात आटे पाडायचे, म्हणजे छरेही उडतील आणि गोळीही बऱ्यापैकी सरळ जाईल. हॉलंड अँड हॉलंडने ते विकत घेतलं आणि पॅराडॉक्स नावाने बंदूक काढली, हिंदुस्थानच्या जंगलात ती फार चालली कारण तितर निघेल की वाघ हे आधी कुठे माहीत असतं. इथे भाग काही बदलावा लागत नाही, काडतूस बदललं की झालं.

विसाव्या शतकात आलात की अर्जाची तारीख आणि मंजुरीची तारीख दोन्ही लिहून घ्या. जॉन पेडरसनचं उदाहरण बघा. स्प्रिंगफिल्ड रायफलचा बोल्ट काढून त्या जागी एक यंत्र सरकवायचं, वर ४० गोळ्यांचं मॅगझिन, की रायफल पिस्तुलाच्या ताकदीची छोटी काडतुसं भराभर उडवायला लागते. ऑक्टोबर १९१७ मध्ये लष्कराला दाखवलं, गुप्तता एवढी की कागदोपत्री त्याला "पिस्तूल, मॉडेल १९१८" म्हटलं. ६५ हजार बनवली, पण वापरायच्या आधीच युद्ध संपलं. पेटंट छापून आलं १९२० मध्ये, आणि बहुतेक यंत्रं १९३१ च्या सुमारास नष्ट केली. फक्त मंजुरीची तारीख बघणारा माणूस हा शोध युद्धानंतरचा समजून बसतो.

मग युजीन स्टोनर. त्याच्या पेटंटचं नावच "कन्व्हर्टिबल गन", १९६५ चं. त्याच्या स्टोनर ६३ या हत्यारात एकच रिसीव्हर (नळी आणि यंत्रणा बसते तो मधला सांगाडा), सरळ ठेवला तर रायफल किंवा कार्बाइन म्हणजे आखूड रायफल, उलटा करून दुसरी नळी लावली की मशीनगन. पण काडतूस सगळ्यात तेच, ५.५६ मिमी, म्हणून सुरुवातीला म्हटलं की कन्व्हर्टिबल आणि मल्टी-कॅलिबर एक समजू नका. उलट उदाहरण थॉम्पसन/सेंटर कंपनीचं, वॉरन सेंटरने बनवलेलं कंटेंडर पिस्तूल, १९६७. बिजागरीची पिन काढली की नळी सुटते, दुसऱ्या मापाची लावायची, आणि काडतुसाची टोपी कडेला असो की मधे, घोड्यावरची कळ फिरवून फायरिंग पिन निवडायची. मल्टी-कॅलिबर पेटंट वाचताना हेच तपासा, काडतुसाचं बूड कोण धरतंय आणि पिन कुठे मारतेय, नळी बदलणं हा त्यातला सोपा भाग.

याच कंपनीने पिस्तुलाला कार्बाइन करायचा संच विकला, २१ इंची नळी आणि दस्ता, तर सरकार म्हणालं यातून आखूड नळीची रायफलही जुळवता येते, २०० डॉलर कर भरा. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९२ मध्ये कंपनी जिंकली. सुट्या भागांच्या डब्याला बंदूक म्हणायचं का आणि कुठली, हा वाद त्या निकालात वाचण्यासारखा आहे, पेटंटांसोबत असे निकालही जोडून वाचत जा.

आपल्याकडे हे सगळं कागदावरच ठेवायचं, हे मनापासून सांगतो. शस्त्र कायदा १९५९, कलम ५, त्यात बनवणं आणि विकणं यासोबत रूपांतर आणि दुरुस्ती हे शब्दही आहेत, परवान्याशिवाय काहीही नाही, आणि आजोबांच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीलाही हात लावण्याआधी पोलीस ठाण्यात कागद बघून घ्या.

वहीत चार रकाने आखा, नंबर आणि देश, दोन्ही तारखा, क्लेम आपल्या मराठीत एका वाक्यात, आणि चौथा कोणाचं पेटंट चुकवलं किंवा कोणाचं संपलं. पहिल्या पानावर १२,६४८ आणि ८२,२५८ शेजारी शेजारी लिहा आणि चौथा रकाना स्वतः भरून बघा.